बॅजर येईपर्यंत दाढी बंद

सोमवार, ३ फेब्रुवारी १९९७. संध्याकाळी ७.

नोटीस लागली! शिफ्ट इनचार्जची एकच जागा. नावं दोन. मी आणि इंद्रजित. मी सोळा वर्षं प्लांटमध्ये, तो तीन. त्याच्याकडे डिप्लोमा आहे, माझ्याकडे अनुभव आहे. म्हणजे निकाल लागल्यातच जमा.

अट एकच. इनचार्जला गॅस मास्क फिट बसला पाहिजे. २१ तारखेला सेफ्टी ऑफिसर टेस्ट घेणार. मास्क लावायचा, डोक्यावरून प्लॅस्टिकची टोपी ओढायची आणि टोपीत केळ्याच्या वासाचं केमिकल सोडायचं. वास आला की मास्क लीक, माणूस नापास. दाढीचे खुंट असले तर रबर गालाला चिकटत नाही, म्हणून दाढी गुळगुळीत पाहिजे.

इथंच घोडं पेंड खातं. माझी स्किन सेन्सिटिव्ह आहे. दाढी केली की कानापासून गळ्यापर्यंत लाल पुरळ, आग आग, तीन-चार ठिकाणी रक्त. म्हणून मी रोजची दाढी दोन दिवसांवर नेली, आणि आता रविवार ते रविवार.

शालनचं पालुपद एकच, अहो ब्लेड बदला. बायकांना काय कळतंय? ब्लेड उत्तम आहे. दसऱ्यालाच लावलंय. काचेच्या ग्लासात आतून वीस वेळा घासलं की धार परत येते. ही विद्या मला वडिलांनी, हौसेरावांनी दिली. त्यांचं एक ब्लेड वर्षभर जायचं. चेहरा कायम लालबुंद. गावात लोक म्हणायचे, काय तेज आहे!

ग्लासावरूनही शालनची कुरकुर आहेच. लग्नात आलेल्या सहाच्या सेटमधला आहे, सहावा पाहुणा आला की त्याला स्टीलच्या पेल्यात सरबत द्यावं लागतं, लाज वाटते, असं म्हणाली. सहा पाहुणे येतात कुठं एकदम?

बुधवार, ५ फेब्रुवारी.

वाशीच्या स्किनच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यांनी तीन गोष्टी लिहून दिल्या. ब्लेड दर चौथ्या दाढीला बदला, ब्रश मऊ वापरा, क्रीम लावा. तीनमधली मधली गोष्ट महत्त्वाची असते. पहिली आणि शेवटची डॉक्टर सवयीने लिहितात.

खरं निदान मला डॉक्टरांच्या केबिनबाहेर झालं. तिथं एक इंग्लिश मासिक होतं. त्यात फोटोसकट छापलंय की सेन्सिटिव्ह स्किनवर बॅजरच्या केसांचाच ब्रश पाहिजे. केस उभे होतात, कातडी मऊ होते, आग होत नाही. म्हणजे सोळा वर्षं दोष ब्रशचा होता! मी मोठ्याने खोकलो आणि पान फाडून घेतलं. शेजारची बाई माझ्यापासून दोन खुर्च्या लांब सरकली.

संकल्प: २१ तारखेच्या आत बॅजर ब्रश.

शनिवार, ८ फेब्रुवारी.

वाशीतली पाच दुकानं झाली. बॅजर म्हटलं की दुकानदार विचारतात, कुठल्या कंपनीचा? कंपनी नाही, प्राणी आहे, हे पाचही ठिकाणी सांगावं लागलं. चौथ्याने नायलॉनचा दाखवला. मी ब्रश गालावर फिरवून बघतो, गाल खोटं बोलत नाही. त्याचे अकरा ब्रश फिरवून झाल्यावर त्याने डबा आत ठेवला आणि म्हणाला, शेठ, घ्यायचा नसेल तर निदान साबण लावून तरी बघू नका. साबण मी लावलाच नव्हता. फक्त थोडं पाणी मागितलं होतं.

शालन बाहेर उभी होती. येताना जुईनगर स्टेशनजवळच्या दुकानातून तिने ब्लेडचं पाकीट घेतलं. बाथरूमच्या फळीवर ठेवलंय. मी काही बोललो नाही. घरात शांतता पाहिजे सध्या.

सोमवार, १० फेब्रुवारी.

अय्युबला सांगितलं. अय्युब म्हणजे आमच्या शिफ्टचा ऑपरेटर, मूळचा उरणकडचा, जोडीला बारा वर्षं. तोही पहिल्यांदा हेच, ब्रशला काय करतोस बाबा, ब्लेड बदल ना. पण माणूस दिलदार. त्याचा मेहुणा शोएब, खदीजाभाभीचा भाऊ, दुबईहून १७ तारखेला येतोय. त्याला आणायला सांगू म्हणाला.

गेल्या मेमध्ये क्लोरीन लीक झाला तेव्हा ह्या अय्युबला मीच बाहेर काढलं होतं, त्याची जाण ठेवतो तो. माझा मास्क जरा सैल पडला होता, म्हणून तो माझी कॉलर धरून पुढे पुढे चालत होता इतकंच. नंतर मला दोन दिवस ऑक्सिजनवर ठेवलं ती फॉर्मॅलिटी होती.

संध्याकाळी दोघं पीसीओत गेलो. शोएबने सांगितलं की तीन प्रकार आहेत. प्युअर, बेस्ट आणि सिल्व्हर टिप. कुठला आणू? आता हा काय उभ्या उभ्या सांगायचा प्रश्न आहे? मी विचारलं की बेस्टपेक्षा प्युअर चांगला कसा असेल, आणि बेस्टच्या वर सिल्व्हर टिप असेल तर त्याला बेस्ट का म्हणतात. मीटरचे लाल आकडे पळत होते. अय्युबला घाम फुटला. शेवटी त्याने रिसीव्हर ओढून घेतला आणि ओरडला, सगल्यात मऊ असेल तो घे आनि ये!

म्हणजे सिल्व्हर टिप. माझीही तीच चॉइस होती.

बुधवार, १२ फेब्रुवारी.

मोठा निर्णय. बॅजर येईपर्यंत दाढी बंद. कातडीला पूर्ण विश्रांती. ताजी कातडी, ताजा ब्रश, २१ ला टेस्ट. प्लॅनिंग म्हणतात ते हे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी.

सेफ्टी ऑफिसरने दिघ्याच्या प्लांटच्या गेटवरच अडवलं. दाढीवाल्याला क्लोरीन सेक्शनमध्ये नो एन्ट्री. मी स्किनचं सांगितलं, मासिकाचं पान दाखवलं. पान त्यांनी वाचलं. मागच्या बाजूला लिपस्टिकची जाहिरात आहे, तीही वाचली. मग मला कंट्रोल रूममध्ये रजिस्टर लिहायला बसवलं. इंद्रजित माझ्या जागी आत गेला. त्याची दाढी रोज सकाळी गुळगुळीत. पोराला दाढी येतच नसावी.

जाता जाता मला म्हणाला, काका, काही मदत लागली तर सांगा. काका!

सोमवार, १७ फेब्रुवारी.

शोएबचं विमान पाच तास लेट. चार दिवस राहिले.

मंगळवार, १८ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.

आला!

काळी डबी, आत मखमल, मखमलीत ब्रश. बुंध्याशी पांढरा, मध्ये काळा, टोकाला चंदेरी. गालावर फिरवला. मऊ... काय सांगू? डोळ्यांत पाणीच आलं. शालनलाही म्हटलं, हात लावून बघ. तिने हात पुसून बोट लावलं आणि म्हणाली, छान आहे हो. मग बॅजर म्हणजे काय असं विचारलं. मी विचार करून सांगितलं, अस्वल आणि मुंगूस यांच्या मधलं. ती पुन्हा हात धुवायला गेली.

उद्या पहिली दाढी. रंगीत तालीम.

बुधवार, १९ फेब्रुवारी. सकाळी ६:४०.

फेस असा आला की आरशात मी दिसेना. कातडी लोण्यासारखी. ब्लेड ग्लासात तीस वेळा घासलं, वीस नाही, तीस. उजवा गाल खालून वर एकदा ओढला आणि ब्रह्मांड आठवलं.

सकाळी ७:१५.

डावा गाल करायची हिंमत होईना. दात आवळून केला. सात ठिकाणी रक्त. तुरटी फिरवली तर ओरडलो, खालच्या मजल्यावरून विचारणा झाली.

संध्याकाळी.

कारण सापडलं. पाणी. इथलं पाणी जड आहे. सिल्व्हर टिपला हलकं पाणी लागतं. शोएब दुबईहून ब्रश आणू शकतो, पाणी कुठून आणणार? टेस्टला दोन दिवस. मान वळवली तरी आग होते. शालनने फळीवरचं ब्लेडचं पाकीट थोडं पुढं सरकवून ठेवलंय. दिसलं मला. मुद्दाम मागे सरकवलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी.

गावाकडून फोन. माझे चुलत चुलते सकाळी गेले. वय ब्याऐंशी. मला लहानपणी खांद्यावर बसवून त्यांनी बैलांची शर्यत दाखवली होती. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

मग लक्षात आलं की दहा दिवसांचं सुतक, म्हणजे दाढी नाही.

खरं लिहायचं तर आधी काय लक्षात आलं ते आठवत नाही.

ऑफिसरना सांगितलं. त्यांनी कॅलेंडर बघितलं, सुस्कारा सोडला आणि माझी टेस्ट ४ मार्चला ठेवली. ह्यापुढे तारीख नाही म्हणाले. इंद्रजितची उद्याच होणार. अय्युबने खांद्यावर हात ठेवला. चाचा गेले त्याचं वाईट झालं म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, गावाला तरी न्हाव्याकडून करून घे.

न्हाव्याकडून मी कधीच करत नाही. तो दर गिऱ्हाइकाला नवीन ब्लेड लावतो. नवीन ब्लेड म्हणजे अनुभव नसलेला माणूस, तो माझ्या चेहऱ्यावर नको.

शनिवार, १ मार्च. गाव, ता. कोरेगाव.

आज दहावा. नदीकाठी सगळी भावकी ओळीने उकिडवी बसली. सिताराम न्हावी एकेकाला उरकत येत होता. चौघांनंतर माझी पाळी. मला धडकी भरलेली. दहा दिवसांची दाढी, खाली जुनी पुरळ. मी म्हटलं, सिताराम, माझी स्किन सेन्सिटिव्ह आहे. तो म्हणाला, आसू द्या की, मान वर करा. ना क्रीम, ना साबण, ना ब्रश. नदीचं गार पाणी तळव्याने चोळलं, नवं अर्धं ब्लेड वस्तऱ्यात सरकवलं आणि हां हां म्हणता पुढच्या माणसाकडे गेलासुद्धा.

मी आगीची वाट बघत बसलो. पिंडाला कावळा शिवला तरी आग नाही. पुन्हा पुन्हा गालावरून हात फिरवत होतो. भावकीला वाटलं मी डोळे पुसतोय. धाकट्या चुलतीने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

पुरळ नाही! रक्त नाही! म्हणजे माझं निदान शंभर टक्के बरोबर होतं.

पाणीच!

सोमवार, ३ मार्च. संध्याकाळी ५. जुईनगर.

पाच लिटरचा कॅन भरून आणलाय. एसटीत मांडीवर ठेवला होता. शेजारच्याने विचारलं, तीर्थ का? मी हो म्हटलं.

इंद्रजित पास झालाय. पण ऑफिसर म्हणाले, दोघंही पास झाले तर सीनिऑरिटी बघू. म्हणजे आता सगळं उद्याच्या सकाळवर. सोळा वर्षं उद्याच्या सकाळवर. जेवण गेलं नाही. शालन म्हणाली, उद्या एकच दिवस नवीन ब्लेड लावा, माझ्यासाठी लावा. मी समजावलं, की परीक्षेच्या दिवशी कुणी नवीन पेन वापरतं का?

मंगळवार, ४ मार्च. पहाटे ५.

पाणी गावचं, कोमट केलं. ब्रश सिल्व्हर टिप. ब्लेड ग्लासात साठ वेळा. जय हो.

पहाटे ५:५०.

पाण्याचा गुण कॅनमध्ये उतरला असणार. प्लॅस्टिकचा कॅन होता. कापूस कुठं ठेवलाय?

दुपारी २.

कंपनीच्या बसमध्ये कुणीही माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. बघणं टाळत होते. गाल सुजलेले, हनुवटीला तीन चिकटपट्ट्या. ऑफिसर म्हणाले, नको, पुढं ढकलू. मी म्हणालो, पुढं तारीख नाही असं तुम्हीच सांगितलंत, आजच घ्या.

मास्क लावला. रबर सुजेवर बसलं तेव्हा डोळ्यांपुढं काजवे चमकले. अय्युब मदतीला होता, त्याने टोपी ओढली. केमिकल सोडलं. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, वर, खाली, आता कार्ड मोठ्याने वाचा. तिसऱ्या ओळीला वास आला. केळं. मला वाटलं कँटीनमधून येतोय. चौथ्या ओळीला घडच्या घड.

ऑफिसरने विचारलं, वास? मी अंगठा वर केला. ऑल ओके. त्यांनी पेन उघडलं.

तेव्हा अय्युब बोलला. शांतपणे. म्हणाला, नामदेव, गेल्या मेमध्ये पन तू अंगठाच दाखवला होतास. खरं सांग. मला परत तुला उचलायला लावू नको, माजी कंबर अजून दुखते.

टोपीच्या आत फार गरम होतं. ऑफिसर पेन धरून उभे. इंद्रजित दारात. मी काय बोलायला पाहिजे होतं ते सगळं मला ठाऊक होतं.

केळं, असं म्हणालो.

घाईत तोंडातून निघून गेलं.

बुधवार, ५ मार्च.

अय्युबशी बोलणं बंद. दगाबाज. बारा वर्षांची जोडी, आणि ऑफिसरसमोर! त्याने डबा उघडून माझ्यापुढं सरकवला. मला बोंबलाचं कालवण आवडतं हे त्याला माहीत आहे. मी खिडकीबाहेर बघितलं.

सोमवार, १० मार्च.

इंद्रजित शिफ्ट इनचार्ज. माझी बदली स्टोअर्सला. पत्रात लिहिलंय, प्रकृतीचा विचार करून. स्टोअर्समध्ये मास्क लागत नाही, दाढी कितीही वाढली तरी चालते. काउंटर, खिडकी, पंखा. बरंच आहे. खरं तर मी स्वतःच मागणार होतो.

शालनला सांगितलं. ती देवघरापुढं बसली होती. उठली नाही. इनचार्ज झाल्यावर बहिणीकडे, राजेश्वरीकडे, पेढे द्यायला जायचं तिने ठरवलं होतं, हे मला आज कळलं. डबासुद्धा घासून ठेवलेला.

सोमवार, १७ मार्च.

नव्या इनचार्जची पहिली ऑर्डर. प्लांटमधल्या प्रत्येकाला कंपनीकडून महिन्याला ब्लेडचं पाकीट. एका ब्लेडवर जास्तीत जास्त तीन दाढ्या. वाटप स्टोअर्समधून. म्हणजे मी करायचं. काय नशीब आहे बघा.

दिवसभर वाटली. अय्युब शेवटी शेवटी आला. पाकीट घेतलं, सही केली आणि गेला नाही. लिस्टवर बोट ठेवून म्हणाला, तुजं पन नाव हाय बघ. खरंच होतं. टाइप केलेल्या नावांच्या खाली इंद्रजितने पेनने लिहिलेलं. स्टोअर्सवाल्याला द्यायचं काहीच कारण नव्हतं.

अय्युबने पेन माझ्यापुढं धरलं. मागे दोघं खोळंबले होते, म्हणून केली सही.

मंगळवार, १८ मार्च.

सकाळी नवीन ब्लेड लावलं. ब्रश भिजवला नाही, नुसत्या हातानेच साबण चोळला. नळाचं पाणी.

काही झालं नाही.

उजवा गाल, डावा गाल, गळा. काहीच झालं नाही. टिपूसभर रक्त नाही, आग नाही. चार मिनिटं लागली. मग पालथ्या बादलीवर बराच वेळ बसलो. नळ सोडून ठेवला होता, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

वडिलांच्या चेहऱ्यावर तेज नव्हतं. पुरळ होती. आयुष्यभर आग सोसली असणार त्यांनी, आणि कुणाला बोलले नाहीत.

आणखी एक. गेल्या मेमध्ये मी अय्युबला नाही, अय्युबने मला बाहेर काढलं. पाठीवर घेऊन. मागे उलटं लिहिलंय, त्याची खाडाखोड करत बसत नाही. इथं लिहिलं. दुपारी त्याच्या डब्यातलं कालवण खाल्लं. तो म्हणाला, आज चिकना दिसतोस. मी म्हणालो, गप जेव.

संध्याकाळी घरी आलो तर बाथरूमच्या फळीवर ब्रश होता, डबीत, मखमलीवर. ग्लास नव्हता. जेवताना शालनने ताक दिलं ते त्या ग्लासातून. उजेडात धरून बघितला. चांगला घासला होता.

प्यालो.